साध्या पुडीतली हळद

हळद लागायला अजून पाऊण तास अवकाश होता, आणि तेवढ्यात राजूने तिसऱ्यांदा माइक हातात घेतला.

"ऐका हो मंडळी! हर्षलची हळद तं हायेच आज, पन आपल्या धनश्रीनं नागपूरले जो अभ्यास केला ना आपल्या घरच्या पुडीवर, त्याचा निकाल बी मी इथंच सांगनार हाये! जेवल्याबिगर कोनी जायचं नाही!"

सौसरच्या त्या मांडवात दीडशे माणूस बसलं होतं. निकालाचं कोणाला काही पडलं नव्हतं, पण जेवल्याशिवाय जायचं नाही हे सगळ्यांना पटलं आणि टाळ्या पडल्या. राजूला वाटलं, टाळ्या निकालासाठी आहेत. राजूचं हे असंच. चक्की त्याची, मसाला त्याचा, उत्साहाचं तर विचारूच नका; नव्या पाकिटांवर छापायचा मजकूरसुद्धा त्याने पाठ करून ठेवला होता.

आत स्वयंपाकघरात सुनंदाच्या हातातली पळी थांबली. नवरदेवाची आई म्हणून सकाळपासून तिला पाणी प्यायला फुरसत नव्हती, पण धाकट्या दिराचं ते माइकवरचं बोलणं ऐकून ती दाराकडे वळली. निकाल गुरुवारीच आला होता. तो तिला ठाऊक होता आणि तिच्या लेकीला. घरात तिसऱ्या माणसाला नाही.

धनश्री दारात उभी होती. डोळे सुजलेले. "आई, काकाला थांबव ना. लोकांसमोर सांगण्यासारखं काही नाहीये माझ्याकडे."

"तुह्या काकाले आजवर कोनं थांबवलं?" सुनंदा म्हणाली. "भावाचं लग्न पार पडू दे. मंग सांगू."

म्हणणं सोपं होतं. तीन वर्षं ही पोरगी नागपूरच्या फार्मसी कॉलेजात एकाच गोष्टीच्या मागे लागली होती: आजीची पूड. हळद, काळी मिरी आणि सुंठ, देवकाबाईंच्या मापाने. बाळंतिणीला, गुडघे धरलेल्या म्हाताऱ्याला, कमरेत उसण भरलेल्या हमालाला देवकाबाई ती कोमट दुधातून, वर चमचाभर तूप सोडून द्यायच्या. हळद एकटी पोटात गेली तर तिचा गुण रक्तात फारसा उतरत नाही, यकृत तिला आल्या पावली बाहेर काढतं; मिरी सोबत असली की यकृत जरा दमाने घेतं आणि हळदीला थांबायला वेळ मिळतो, इतकं पुस्तकांत आधीच होतं. पण मिरी आणि सुंठ दोन्ही मिळून, घरच्या प्रमाणात, दुखऱ्या गुडघ्यांना किती आराम देतात, ते धनश्रीला मोजायचं होतं.

चोवीस माणसं जमवली तिने. जवळच्या रामाकोन्याच्या संत्री निवडणाऱ्या बाया, सौसरचे दोन पेन्शनर मास्तर, चक्कीवरचा जुना हमाल भिवाजी, आणि घरातून खुद्द आबाजी, म्हणजे तिचे आजोबा पुंडलिकराव. चिठ्ठ्या टाकून बारा जणांना निळ्या ठिपक्याची साधी पुडी दिली, नुसत्या हळदीची. बारा जणांना लाल ठिपक्याची, तिन्ही मिळून. दूध-तूप सगळ्यांना सारखं. सहा आठवडे हा खटाटोप चालला. रक्त तपासलं, सूज मोजली, जिना चढायला किती वेळ लागतो तेही घड्याळ लावून पाहिलं. आणि गुरुवारी आकडे समोर आले. लाल ठिपकेवाले सुधारले होते. निळे ठिपकेवालेही अगदी तेवढेच सुधारले होते. रक्तात उतरलेली हळदसुद्धा दोघांत सारखीच.

म्हणजे मिरी-सुंठीने काहीच केलं नव्हतं. कॉलेजातल्या अमृता मॅडम वाईट नव्हत्या, पण बोलायला रोखठोक. जोडीचा फायदा दिसत नाही, सोमवारी विषय बदलाचं पत्र आणून दे, असं त्यांनी सांगून टाकलं. तीन वर्षं पाण्यात गेली होती. "पण आई, सोमवारी ते पत्र द्यायचंय मला," धनश्री म्हणाली.

"कोनतं पत्र?"

धनश्रीचा बाप मुकुंद कधी मागे येऊन उभा राहिला ते मायलेकींना कळलंच नव्हतं. आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. सांगून झालं तसा त्याने कपाळावर हात मारला.

"म्या तवाच म्हनलं होतं. पांढुर्णा जिल्हा झाला, ऑफिसात जागा निघून राहिल्या, परीक्षा दे. पन नाही! आजीच्या पुडीवर पीएचडी करतो म्हने."

"बाबा, आज नका ना."

"आज नाही तं कवा? तो तिकडं माइक घेऊन नाचून राहिला. आत्ता जाऊन त्याले सांगतो."

"सांगून तं पाहा!" सुनंदाने पळी हातात घेऊनच वाट अडवली. "पोराची हळद हाये. दोघं भाऊ मांडवात भांडले तं मोहगावचे व्याही काय म्हनतीन? सोमवारी काय होते थे सोमवारी पाहू."

मुकुंद बायकोच्या शब्दाबाहेर नव्हता, निदान हातात पळी असताना तरी नव्हता. तो काही बोलणार तेवढ्यात राजूची बायको चंचल धापा टाकत आत आली.

"ताई! हळदीत पानी गेलं! कूलरचा पाइप निसटला अन् सारी परात वाहून गेली!"

सगळ्यांचे चेहरे उतरले. मुहूर्त अकराचा, घड्याळात साडेदहा. विकतची हळद चालणार नव्हती, घरचीच लागते. आणि घरच्या चक्कीवर काल जेवणासाठी वीस किलो मिरची दळलेली; त्यात आता हळद टाकली असती तर नवरदेवाचं लोणचंच झालं असतं.

"धनू," चंचलला एकदम आठवलं, "तुह्या निळ्या ठिपक्याच्या पुड्या उरल्या हायेत ना कपाटात? दीडशेच्या वर असतीन. साधी हळदच हाये ना थे?"

"नुसती हळद, काकू," धनश्री कडवट हसली. "शुद्ध. दळल्या दळल्या लॅबमध्ये तपासून आणलेली. घ्या. कशाच्या तरी कामी येऊ दे."

देवकाबाई घरात असत्या तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण त्या मारुतीला विडा ठेवायला गेल्या होत्या, आणि वाटेत भेटेल त्याची चौकशी केल्याशिवाय पुढे जायचा त्यांचा स्वभाव नव्हता. धनश्री जमिनीवर मांडी घालून बसली आणि एकेक पुडी फाडून परातीत रिकामी करू लागली. प्रत्येक पुडी बंद होताना तिने किती जपली होती! चंचलने वरून तेल ओतलं, हळद कालवली आणि परात उचलून नेली.

*

मांडवात हर्षल पाटावर बसला तेव्हा राजूला भरून आलं. पुतण्या असला तरी त्याला सायकल राजूनेच शिकवली होती. सकाळीच घोटून दाढी केलेला, गाल कसे चकचकीत. पाच सवाष्णींनी आंब्याच्या पानाने हळद लावली, आणि रीतीप्रमाणे ती उष्टी हळद वाटीत काढून राजूचा मुलगा प्रफुल्ल मोटरसायकलवर शेजारच्या मोहगावला निघाला. ही हळद तिकडे पोहोचली की ऋतुजाला, नवरीला, लागणार. मग इकडे बायांनी पदर खोचले आणि पानं टाकून थेट मुठींनी सुरुवात केली.

"काका," हर्षल म्हणाला, "जळून राहिलं."

"अबे, लगन म्हटलं की जळनारच. बस खाली."

"काका, मजाक नाही करून राहिलो! गाल जळून राहिले!"

चंचल शिंकली. एक, दोन, तीन. तिच्या मागे उभी असलेली नणंद शिंकली. कोणीतरी हळदीचा हात डोळ्याला लावला आणि "अगं माय!" म्हणून खाली बसलं. तोवर हर्षल पाटावरून उठला, तीन ढांगांत मांडवाच्या कोपऱ्यात पोहोचला आणि त्याने पाण्याच्या ड्रममध्ये मानेपर्यंत डोकं घातलं.

दीडशे लोकांसमोर, माइक चालू असताना, राजूच्या चक्कीची हळद बाधली! बापाने उभी केलेली, त्याने वाढवलेली चक्की. पाकिटांचा मजकूर त्याच्या डोळ्यांसमोरून पुसला गेला.

"तूच काहीतरी मिसळलं असशीन!" मुकुंद पुढे आला. बायकोचा धाक तो साफ विसरला होता. "वजन वाढवाले! दुकानदार तं दुकानदारच!"

"दादा, तोंड सांभाळ! मी मिसळीन? हर्षलच्या हळदीत?"

"मंग कोन मिसळन? चक्की कोनाची हाये?"

हे भांडण चालू असताना धनश्री परातीपाशी जाऊन बसली होती. तिने बोट हळदीत बुडवलं आणि जिभेला लावलं. आधी हळदीचा तुरट कडवटपणा आला. मग जिभेच्या शेंड्यावर टोचणारा तिखटपणा. आणि मग, दोन श्वासांनंतर, घशात हळूहळू उतरणारी ती ऊब. ही चव ती झोपेतही ओळखू शकली असती. ती उठली, धावत आत गेली, कपाटातली उरलेली एक पुडी फोडून चाटली. तीच चव. दुसरी फोडली. तीच.

"मिरी आहे!"

मांडवातल्या सगळ्या माना वळल्या. धनश्री दारातून अक्षरशः उड्या मारत बाहेर आली.

"आई! साध्या पुडीत मिरी आहे! सुंठ आहे! साधी पुडी साधी नाहीच! निळ्या ठिपकेवाल्यांनी पण तीच खाल्ली! म्हणून तर आकडे सारखे आले!"

ड्रममधून हर्षलने लालबुंद तोंड वर काढलं आणि बहिणीकडे पाहिलं. तिला भावाच्या गालांचं काहीएक सोयरसुतक नव्हतं. तिने आईला मिठी मारली, काकूला मारली, आणि समोर आलेल्या, ओळखीपाळखीच्या नसलेल्या एका आजीबाईंनाही मारली.

सुनंदाला लेकीच्या आनंदाने हसू फुटत होतं, आणि मध्येच तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"उष्टी हळद! थे मोहगावले गेली ना वो!"

राजूने फोन लावला. दुसऱ्या हातात माइक तसाच होता, त्यामुळे पुढचं सगळं भोंग्यावरून साऱ्या सौसरने ऐकलं.

"प्रफुल्ल! कुठं हाये तू?"

"पोचलो ना बाबा. वाटी देल्ली बी. बाया आत घेऊन गेल्या."

"अबे धाव! लावू देऊ नको नवरीले! मिरी हाये त्याच्यात!"

"बाबा, आत सगळ्या बायाच हायेत. मी कसा जाऊ?"

"घुस!"

भोंग्यातून धावणारी पावलं ऐकू आली, मग डफडं, मग एकाच वेळी वीस-पंचवीस बायांचा आरडाओरडा, काहीतरी पितळी पडल्याचा आवाज, आणि मग प्रफुल्लचा धापा टाकलेला स्वर.

"भेटली! वाटी भेटली! वहिनीले नाही लागली. तिच्या मावशीच्या नाकाले लागली थोडी."

पाठोपाठ मोहगावच्या मावशीची सणसणीत शिंक भोंग्यातून आली, आणि इकडे दीडशे माणसांनी अशा टाळ्या पिटल्या की आजवर कोणत्याही पुढाऱ्याला मिळाल्या नसतील. राजूने मात्र माइक खाली ठेवला नाही तो नाहीच. शेवटी सुनंदाने जाऊन वायर उपटली.

*

"पुड्या कोनं भरल्या होत्या?" मुकुंदने आता कोर्टासारखी चौकशी मांडली. सगळे आतल्या खोलीत जमले होते.

"म्या अन् आईनं," चंचल घाबरून म्हणाली. "म्या तं नुसते ठिपके चिकटवले, भाऊजी. हळद आईच मोजत होत्या."

"उगा तिच्यावर ढकलू नको," राजू बायकोवर उखडला. "आई असं कराची नाही. मी माह्या आईची शपथ घेऊन सांगतो…"

"माही शपथ कायले घेतं रे? म्याच टाकली."

देवकाबाई हातात रिकामं तबक घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या. घरात काय गोंधळ झाला तो त्यांना कोपऱ्यावरच भोंग्यातून कळला होता. नातवाच्या गालांचं त्यांना वाईट वाटलं होतं, पण बाकी कशाचंच नाही. त्यांनी तबक ठेवलं, पदराने कपाळ टिपलं आणि पलंगाच्या कडेला बसल्या.

"लग्नाच्या हळदीत नाही हो टाकली म्या. थे खायाच्या पुड्या होत्या. तुमाले कोनं सांगतलं त्या पोराच्या तोंडाले फासाले?"

"पण आजी, साध्या पुडीत काही टाकायचं नाही, हे तुला किती वेळा सांगितलं होतं!"

"सांगतलं होतं. समजलं बी होतं. म्हून तं तुह्यासमोर नाही टाकली."

सुनंदाने तोंडाला पदर लावला. सासूबाईंसमोर हसायची ती वेळ नव्हती.

"मले एक सांग धनू," देवकाबाई म्हणाल्या, आणि आता त्यांचा आवाज चढला. "भिवाजीनं आपल्या चक्कीवर चाळीस वर्सं पोते उचलले. त्याच्यात त्याचे गुडघे गेले. तुह्या चिठ्ठीत त्याच्या नावानं निळा ठिपका निघाला. अन् त्याच्या बाजूले थो मास्तर, त्याले लाल. दोघं एका ओसरीवर बसून पेनार. मी मास्तरले पुरी पुडी देऊ अन् भिवाजीले अर्धी? साठ वर्सं झाली या घरात वाढून राहिली मी. एका पंगतीत एकाले तूप अन् एकाले कोरडं, असं माह्या हातानं झालं नाही कवा. होनार बी नाही."

मुकुंद खाली पाहू लागला. पलंगावर लोळत पडलेले पुंडलिकराव मात्र सावकाश उठून बसले.

"मले पह्यल्याच दिवशी समजलं होतं," ते म्हणाले. "निळा ठिपका होता माहा. जीभ हाये ना मले."

"आबाजी! मग बोलला का नाहीत?"

"गुडघे वाकू लागले. मंग तोंड कायले उघडू?"

आता मात्र सगळेच हसले. राजूच्या डोक्यात तर दिवाळी सुरू झाली होती. "म्हनजे चोवीसच्या चोवीस लोकायनं पुरी पुडी खाल्ली अन् चोवीसच्या चोवीस सुधरले! अरे, हे तं अजूनच भारी! उद्याच छापाले टाकतो!"

"काही छापायचं नाही, काका." धनश्री त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिचे डोळे चमकत होते. "सगळ्यांनी एकच खाल्लं, तर ताडून कशाशी पाहायचं? रोज दूध-तूप मिळालं, रोज कोणीतरी विचारपूस केली, म्हणूनही बरं वाटलं असेल. आपल्याला अजून काहीच माहीत नाही. पण कळतंय का तुला? अभ्यास फसला नाहीये. तो झालाच नाहीये! अजून व्हायचाय!"

"मॅडमले फोन लाव," मुकुंद म्हणाला. तासाभरापूर्वी परीक्षा दे म्हणणारा बाप आता खुर्ची पुढे ओढून बसला होता. "फक्त आजीचं नाव नको घेऊ. ठिपके चिकटवताना इकडचे तिकडे झाले, असं सांग. बस."

"बरोबर हाये दादा," राजू म्हणाला. आज पहिल्यांदाच दोघा भावांचं एकमत झालं.

"चूक हाये," सुनंदा म्हणाली. "पोरीनं तीन वर्सं खरं शोधाले घातली. आता शेवटी खोटं सांगन काय?"

धनश्रीने आईकडे पाहिलं आणि फोन लावला. पुंडलिकरावांना ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला. काहीही न गाळता तिने सगळं सांगितलं: पुड्या, पंगत, भिवाजी, नवरदेवाचे गाल. आकडे कोणाच्या हाताने बिघडले तेही.

"पुड्या उरल्या आहेत?" अमृता मॅडमनी विचारलं.

"छत्तीस, मॅडम."

"एकीलाही हात लावू नकोस. दोन साक्षीदारांसमोर पाकीट बंद कर आणि सोमवारी घेऊन ये. तपासणीत मिरी निघाली तर ते पत्र फाडून टाक. पण नीट ऐक. झालेला अभ्यास रद्द. तसं लेखी द्यायचं. समितीपुढे उभं राहून बोलणी खायची, माझ्यासकट सगळ्यांची. नवी परवानगी, पुन्हा चोवीस माणसं, वर्ष जाईल. झेपेल?"

"झेपेल!" धनश्री जवळजवळ ओरडलीच.

"आणि या वेळी पुड्या कोण भरणार?"

"कॉलेजात, मॅडम. मशीनवर."

पलीकडून आधी खोकल्यासारखं काहीतरी ऐकू आलं, आणि मग मॅडम चक्क हसल्या. "आजींना माझा नमस्कार सांग," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

खोलीत एकच कल्ला झाला. राजूने पुतणीला उचलून गरकन फिरवलं. हर्षल गालाला दही थापून दारात येऊन उभा राहिला होता, तोही हसत होता. फक्त देवकाबाई हसल्या नाहीत.

"मशीन भरू दे नाही तं आणखी कोनी," त्या म्हणाल्या. "पन निम्म्यायले कमीच देनार असशीन तं माह्या ओसरीवर नाही. लोक माह्या शब्दावर येतेत. मी त्यायले या म्हनून सांगनार नाही."

हे धमकीवजा नव्हतं, हे खरंच होतं. रामाकोन्याच्या बाया धनश्रीच्या कागदावर नाही, देवकाबाईंच्या हाकेवर आल्या होत्या. राजूने तोंड उघडलं, मुकुंदने त्याचा हात दाबला. धनश्री आजीच्या पायाशी जमिनीवर बसली आणि कितीतरी वेळ तिच्या बांगड्यांकडे पाहत राहिली. मग ती एकदम ताठ झाली.

"आजी, सगळ्यांनाच दोन्ही दिल्या तर? सहा आठवडे साधी, मग काही दिवस सुट्टी, मग सहा आठवडे पुरी. निम्म्यांना आधी ही, निम्म्यांना आधी ती. प्रत्येकाचं साधीचं आणि पुरीचं त्याच्याच अंगावर ताडून पाहायचं. अशीही रीत आहे अभ्यासाची. मलाच सुचायला हवी होती आधी."

देवकाबाईंनी बोटांवर काहीतरी मोजलं. "म्हनजे पंगत उठेपर्यंत सगळ्यायच्या पानात सगळं पडते?"

"सगळ्यांच्या."

"कोनाचं पान कमी नाही?"

"नाही."

"मंग बलावतो मी."

धनश्रीने हाताला लागली ती लग्नपत्रिका उलटी केली आणि लिहायला सुरुवात केली. नावं सगळेच सांगत होते, एकमेकांच्या वर आवाज चढवून. या वेळी नवी माणसं हवी होती, पूड न घेतलेली. चंचलने गल्लीतल्या सात जणी सांगितल्या. राजूने बाजारातले दलाल. मुकुंदने ऑफिसातला एक, जिना चढताना त्याचे गुडघे वाजतात म्हणे. यादी तेवीसवर येऊन अडली.

"आणखी एक. कोण आहे?"

"माहं लिव," देवकाबाई म्हणाल्या.

राजू हसला. "आई, तुह्यं कायले? गुडघे दुखनाऱ्यायचं काम हाये थे."

"मंग?"

त्या एका शब्दावर राजूचं हसू मावळलं. धनश्रीने चोवीस आकड्यापुढे आजीचं नाव लिहिलं. गल्लीतल्या, गावातल्या, दोन कोसांवरच्या माणसांचे गुडघे तिने टेपने मोजले होते. ओसरीवर दूध वाटणाऱ्या या बाईला तिने एकदाही विचारलं नव्हतं.

"किती वर्षांपासून दुखतात, आजी?" तिने अर्जावरचा पहिला प्रश्न विचारला.

देवकाबाईंनी राजूकडे मान केली. "हा पोटात होता तवापासून."

राजू अठ्ठेचाळीस वर्षांचा होता.

"आणि ही पूड? कधीपर्यंत घेतलीस?" हा दुसरा प्रश्न होता.

"म्या कुठं घेतली? सगळ्यायले वाटली. मले कोनी करून देल्लीच नाही."

त्यांनी हे तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं. विचारलं म्हणून सांगितलं. बाहेर जेवणाच्या पंगती बसायला लागल्या होत्या, कोणीतरी नवरदेवाला हाका मारत होतं. राजू उठला आणि स्वयंपाकघरात गेला. आतून भांड्यांचा आवाज आला, मग त्याचा स्वर.

"वहिनी, दूध कुठं ठुलं? अन् तूप?"

"राजूभाऊ, थांबा," सुनंदाने हळूच सांगितलं. "यादीत हायेत ना आई आता. अभ्यासाआधी पूड घेतली तं चालन काय?"

धनश्रीने चोवीस आकड्यापुढचं नाव खोडलं.

"कर काका," ती म्हणाली. "मी दुसरं कोणी शोधते."